अण्णांच्या खोलीतली ऊब

एसीच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक आपण होऊन सांगतात, फक्त आधी विचारतात, "हसणार नाही ना?" माझा जोडीदार दत्तू याच्याकडचे हसण्याजोगे संपले, की राहाता गावातल्या लॉजचा निघतो. तिथे आम्ही दोघेच होतो.

*

भर मे महिन्यात मालकीणकाकूंचा फोन. "दादा, सगळ्या खोल्या उकडत्यात. गिऱ्हाईक बॅगा उचलून चाललंय. माझं पोट ह्याच्यावरच हाय."

गच्चीवर एकच मोठं व्हीआरएफ मशीन, सगळ्या खोल्या त्यावर. या प्रकारात एका वेळी सगळीकडे गारवा, नाहीतर सगळीकडे ऊब. जी खोली आधी मागेल तिचं चालतं. ऊब मागत होती अण्णांची खोली. अण्णा म्हणजे काकूंचे यजमान. थंडीतापाने त्याच खोलीत गेले, तेव्हापासून तिला कुलूप.

उघडून पाहिलं. रिमोटवर धुळीचा थर, त्यावर बोटाचा ठसा नाही.

"उंदीर असंल," दत्तू म्हणाला.

"उंदराला थंडी वाजती व्हय, मे महिन्यात?" काकूंनी विचारलं.

*

रिमोटच्या बॅटऱ्या काढल्या, मशीनच्या मुख्य पॅनेलवरूनही ती खोली बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यातच अण्णांच्या शेजारच्या खोलीतले पाहुणे खाली आले. "पलीकडे कुणी आजारी आहे का?"

दत्तूने समजावलं, "पाइपातून गॅस फिरतो साहेब, त्याचा आवाज."

"गॅस 'पांघरूण दे' म्हणतो?"

*

शेवटी अण्णांच्या खोलीतलं युनिटच उतरवलं. बाकीच्या खोल्या गार झाल्या, गिऱ्हाईक टिकलं. थोड्याच दिवसांत काकूंचा पुन्हा फोन. "त्ये परत बसवा."

गेलो. त्यांनी आम्हाला वर नेलं. कुलूप लावलेल्या दाराआड कुणाचे तरी दात वाजत होते.

"परत बसवलं तर बाकीच्या खोल्या उकडतील. धंदा बसेल तुमचा," मी म्हणालो.

दत्तूचं लक्ष दाराकडेच. "काकू, दुसऱ्या परकारचं मशीन येतं. गार करताना एका खोलीतली ऊब काढतं, ती दुसरीला देतं. दोन्ही एकाच वेळी."

"मंजी गिऱ्हाईकाची ऊब ह्यांना?"

"व्हय."

"मग तेच आना."

*

गच्चीवरचं मशीन बदललं, नवा पाइप ओढला, अण्णांच्या खोलीत युनिट परत चढवलं. चालू केलं तेव्हा टळटळीत दुपार होती. पाहुणे गार खोल्यांत आडवे झाले होते. आम्ही तिघं अण्णांच्या दारापाशी उभे. दात वाजत होते. मग थांबून थांबून वाजले. मग नाहीच.

काकूंनी दाराला कान लावला.

"झोपले," त्या म्हणाल्या.

दत्तूने आणि मी चपला हातात घेतल्या आणि जिना उतरलो.