बासष्ट हजार चाललेली गाडी

आमच्या ह्यांनी ती टर्बो इंजिनची गाडी घेतली तेव्हा साऱ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. बदली होऊन चाललेल्या एका साहेबांची वापरलेली गाडी. "पळायला झकास, पण अशी ताकदीची इंजिनं लाख किलोमीटरच्या आत बसतात," असं माझा भाऊ नागपूरहून फोनवर म्हणाला. ह्यांनी ते मनाला लावून घेतलं.

मग सुरू झाले गाडीचे लाड. सकाळी इंजिन गरम होईस्तोवर हे अशी हळू चालवत की सायकलवाले पुढे जायचे. तेल मुदतीच्या कितीतरी आधी बदलायचे. नागपूरहून इकडे आमच्या हिंदी मुलखात यावं, कंबर मोडलेली असावी, आणि घरासमोर पोचल्यावर हे इंजिन चालू ठेवून आतच बसलेले.

"काहून बसून राहिले आता? उतरा ना."

"टर्बो तापलाय. दोन मिनिटं तेल फिरू दे."

माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी कधी केली नाही ह्या माणसानं! पण खरं तेच सांगते. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झाले, तरी इंजिन एकदाही उघडावं लागलं नाही. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मीटर दाखवायला बाहेर नेत.

पुढे ह्यांना अर्धांगाचा हलका झटका आला आणि डावा पाय क्लच दाबेना. गाडी विकायची ठरली. ह्यांचं म्हणणं एकच होतं. घेणाऱ्याला शेजारी बसवून सांगायचं, ही एवढी चालली, अशी जपली, आता तूही अशीच जप.

आमच्याच शहरात, गोहलपुरातल्या दलालाकडे गाडी ठेवली होती. गिऱ्हाईक आल्याचं कळलं तसे आम्ही दोघं गेलो. एक तरुण मुलगा होता. ह्यांनी त्याला शेजारी बसवलं, चावी फिरवली आणि मीटरकडे बघतच राहिले. बासष्ट हजार. न विचारता दलालानं मीटर मागे करून ठेवला होता. त्याच्या लेखी ती आमच्यावर मेहेरबानीच.

मुलगा खूश. "बस, बासठ हज़ार ही चली है!"

माझं डोकं फिरलं. मी खिडकीतून म्हटलं, "भैया, दो लाख के ऊपर चली है. मैं खुद बैठी हूँ इसमें."

मुलाचा चेहरा पडला. "फिर तो इंजन गया समझो. मुझे नहीं चाहिए." तो उतरायला लागला. दलाल कपाळाला हात लावून म्हणाला, "अब कबाड़ में ही जाएगी, अंकल."

ह्यांनी त्या मुलाचा हात धरला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इनको कुछ नहीं मालूम. बासठ ही है."

गाडी गेली. आम्ही ऑटोत बसलो. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. ज्या आकड्यासाठी माणसानं एवढी वर्षं जीव टाकला, तो स्वतःच्या तोंडानं पुसावा लागला.

घराच्या वाटेवर घमापुर आलं तेव्हा हे बोलले. "तो थंड इंजिनच ताणेल बघ. त्याला काहीच सांगायचं झालं नाही."

मी म्हटलं, "मग चला ना परत. सांगू त्याला."

"बासष्ट हजाराच्या गाडीला एवढं जपायचं काहून, म्हणेल तो. काय सांगू?"