बाटलीतलं जिवंत ताक

ताकाची बाटली दोन दिवस हलवली नाही की वर निवळ पाणी येतं आणि घट्ट ते सगळं तळाला जाऊन बसतं. आमच्या कामाच्या ठिकाणचे किस्से असेच तळाला बसलेत. परवा एका मैत्रिणीनं सहज विचारलं, "तू नक्की काम काय करतेस गं?" आणि बाटली हलली.

तर काम असं. सातपूरला एका इंजिनिअरिंग वर्कशॉपच्या मागे आमचा गाळा आहे. तिथे आम्ही प्रोबायोटिक ताक बनवतो. आम्ही म्हणजे मालक योगेश भामरे, ज्यांना सगळे सर म्हणतात, टेम्पो चालवणारे सलीमभाई, बाटल्या भरणाऱ्या बायका आणि मी. बाटलीवर कस्टमर केअरचा जो नंबर छापलाय, तो माझा.

हल्ली नाशिकमध्ये जो भेटेल तो 'गट हेल्थ'वर, म्हणजे पोटाच्या तब्येतीवर बोलतो. जे घरात नवऱ्याला किंवा बायकोला सांगत नाहीत, ते लोक ऐन चहाच्या वेळी फोन करून मला सांगतात. सुरुवातीला मला कसंतरीच व्हायचं. आता मीच मध्ये मध्ये प्रश्न विचारते. माणसाला स्वतःच्या पोटाबद्दल बोलायला इतकं आवडतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

सर आधी एका मोठ्या डेअरीत नोकरीला होते. त्यांची आई सटाण्याजवळ नामपूरला, त्यांच्या गावी असते. एका आजारपणात तिला खूप अँटिबायोटिक्स घ्यावी लागली आणि नंतर पोट काही ताळ्यावर येईना. जेवण तुटलं, अंगात ताकद राहिली नाही. सरांनी तिच्यासाठी म्हणून हे ताक करून बघितलं, त्या नादात नोकरी सोडली आणि गाळा घेतला. आता निम्मं नाशिक ते ताक पितं. आई मात्र बाटलीला हात लावत नाही. दर आठवड्याला सलीमभाई सटाण्याच्या फेरीला निघाले की सर नामपूरसाठी एक बॉक्स वेगळा काढतात, आणि टेम्पो परत आला की विचारतात, "आईनं घेतलं का?"

"ठेवून घेतलं," सलीमभाई सांगतात.

एवढ्यावर सरांचा आठवडा जातो.

* * *

गंगापूर रोडवरच्या एका काकूंचा तक्रारीचा फोन आला. ताक फाटलंय म्हणाल्या. फोटोही पाठवला. खरोखरच पातेल्यात पाणी एकीकडे, चोथा एकीकडे.

"काकू, हे पातेलं गॅसवर का आहे?"

"मग? आमच्याकडे बाहेरचं काहीही उकळल्याशिवाय पोटात जात नाही."

मी त्यांना समजावलं, की यात जिवंत जिवाणू असतात, चांगले असतात, त्यांच्यासाठीच तर तुम्ही पैसे दिलेत. मग एकदम हळू आवाजात त्या म्हणाल्या, "म्हणजे... सगळे गेले?"

"हो काकू."

"अहो, मग लिहायचं ना वर. उगाच माझ्या हातून."

पुढच्या छपाईत आम्ही 'उकळू नये' असं ठळक अक्षरांत लिहिलं. त्यावर त्यांचाच पुन्हा फोन आला, जिरं-हिंगाची फोडणी पूर्ण गार करून घातली तर चालेल का म्हणून. मी हसून सरांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. दुपारभर विचार करून म्हणाले, "चालेल. पण पळीला हात लावून बघायला सांगा."

* * *

मनमाडचे एक निवृत्त रेल्वेवाले आजोबा आहेत. त्यांना जिवाणूंचा आकडा पटत नव्हता.

"तुम्ही बाटलीवर लिहिलंय की इतके कोटी. हे सुटताना की पोहोचताना?"

मी म्हटलं, "काय?"

"अहो बाई, गाडी किती पॅसेंजर घेऊन सुटली याला काय अर्थ आहे? आतड्यात उतरले किती ते सांगा."

मी फोन सरांकडे दिला. सर असे खुलले, की गाळ्यातून फेऱ्या मारत बोलत राहिले. पोटात आम्ल असतं, बरेचसे तिथेच मरतात, म्हणून चिवट जात निवडावी लागते, वगैरे. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे जठर हे तुमचं मनमाड. सगळ्यांना थांबावंच लागतं, आणि निम्मे तिथेच उतरतात."

सर आता कॉलेजांमध्ये व्याख्यान द्यायला जातात, तेव्हा हेच सांगतात. आजोबांचं नाव घेत नाहीत, तेवढं मला खटकतं.

* * *

कॉलेज रोडला एका सुपरमार्केटमध्ये आम्ही चव बघण्याचा स्टॉल लावला होता. जिममधून थेट आलेला एक मुलगा थांबला. त्याला आंबवलेला चहा हवा होता. "कोम्बुचा आहे का?"

"नाही, प्रोबायोटिक ताक आहे."

"ताक घरी असतं," असं म्हणून त्यानं कप तसाच खाली ठेवला.

मला राग आला. सरांना मात्र उत्सुकता वाटली. त्यांनी पुढच्या खेपेला तेच ताक लहान काचेच्या बाटलीत भरलं आणि लेबलवर इंग्रजीत 'कल्चर्ड ड्रिंक' लिहून घेतलं. तोच मुलगा पुन्हा आला. प्यायला, ओठ पुसले, बाटली फिरवून मागचं सगळं वाचलं आणि मला म्हणाला, "मस्त आहे. एकदम ताकासारखं लागतं."

चार बाटल्या घेऊन गेला. मीच पिशवीत भरून दिल्या, धंदा आहे.

* * *

सलीमभाईंना सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की माल जिवंत आहे, सांभाळून न्या. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं, की टेम्पो कायम सावलीत लावतात, खड्ड्यात हळू घालतात आणि गाणीही बंद ठेवतात. एकदा द्वारका चौकात पोलिसानं अडवलं.

"मागे काय आहे?"

"जिवंत माल आहे साहेब."

पोलीस सावध झाला. "जिवंत? आत कोणी बसलंय का?"

"बसलेत साहेब. पण दिसत नाहीत."

मग भर चौकात सगळे बॉक्स खाली उतरवावे लागले. सलीमभाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचा जीव जळला तो माल उन्हात राहिला म्हणून.

* * *

नामपुरात मात्र आमचं काही चालेना. तिथल्या एका किराणा दुकानदारानं सरांच्या ओळखीखातर एक क्रेट ठेवून घेतला होता. आसपासच्या गावांत बाटल्या खपत होत्या, आणि सरांच्या स्वतःच्या गावातून क्रेट जसाच्या तसा परत आला. "इथं कुणाला लागत नाही," असा निरोप.

सर दिवसभर त्या क्रेटमधल्या बाटल्यांच्या तारखा बघत राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "आईच पीत नाही, तर गाव कशाला पिईल?" त्यांचा चेहरा मला बघवेना. सलीमभाई धीर द्यायला म्हणाले, "पण सर, अम्मा आता तब्येतीनं चांगल्या दिसतात. मागच्या खेपेला बॉक्स स्वतः उचलून आत नेला."

"कशानं चांगली दिसते?" सरांनी विचारलं. ते सलीमभाईंना माहीत नव्हतं.

रविवारी सर स्वतःच निघाले आणि सर्व्हे करू म्हणून मलाही सोबत घेतलं. कांदा मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं स्लॅबचं घर. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. चेहरा खरंच भरलेला होता. ती लसूण घेऊन उठली, तिच्या मागोमाग आत गेलो, तर आमच्या रिकाम्या बाटल्या स्वच्छ धुऊन ओळीनं मांडलेल्या.

सरांनी त्या बघितल्या आणि तिथेच थबकले. "आई, हे प्यायलं कुणी?"

"कोणी नही," आई म्हणाली. "गार बाटलीमानं ताक माले सोसत नही."

"मग गेलं कुठे?"

तिनं लसणाचा हात पदराला पुसला आणि कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे ताटल्या झाकून ठेवलेली पातेली होती. सरांनी एक ताटली उचलली. सुरीनं कापावं असं दही लागलेलं.

"दूधमा टाकस," आई म्हणाली. "एक चमचा."

सर अगदी हळू म्हणाले, "म्हणजे तू..."

"रोज पेस ना मी तुनं ताक. बाटलीमानं नही, इतलंच."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं, म्हणून मी उगाच बाटल्या मोजायला लागले. तेवढ्यात दारात एक तरुण बाई वाटी घेऊन उभी राहिली. सरांना ती ओळखत नव्हती. "आजी, योगेशनं विरजण देतस का?" तिनं विचारलं.

योगेशचं विरजण! सर चमकून तिच्याकडे बघायला लागले.

"बठी गल्ली ली जास," आई लसूण सोलता सोलता म्हणाली. अख्खी गल्ली नेत होती, आणि गल्लीतून पुढे कुठवर गेलं होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

सर पुढे झाले. बाईच्या हातातून वाटी घेतली आणि पातेल्यातलं चमचाभर दही त्यात घातलं. मग सवयीनं, सर्व्हे करायला आलो होतो म्हणून, त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?"

तिनं नाव सांगितलं. आमचा क्रेट परत पाठवणाऱ्या दुकानदाराची सून.

सर क्षणभर चमचा हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी वाटीत आणखी एक चमचा घातला.