दिसलं का, अण्णा विचारायचे

वडवणीच्या स्टँडवर बीडची एसटी लागली, तेव्हा अण्णा माझी सुटकेस सुतळीने बांधत होते. तिला कुलूप होतं. पण सुतळीशिवाय माल परगावी जात नाही, हा आमच्या किराणा दुकानाचा नियम. गाठ आवळून म्हणाले, "पोचला की फोन कर. आपला बूथ हायच." दुकानात नुकताच एसटीडी बूथ आला होता. माझ्या जाण्याच्या दुःखापेक्षा त्यांना त्याचीच हौस जास्त, असं मी आईला चिडवायचो.

चिलीतल्या वेधशाळेत माझं काम पळापळीचं. आभाळात कुठेतरी गॅमा किरणांचा लखलखाट होतो, उपग्रह कळवतो आणि मागे काही उरलंय का, ते आम्ही शोधतो. कुणी क्ष-किरणांत, कुणी साध्या उजेडात, कुणी रेडिओ लहरींत. जास्त वेळ टिकणाऱ्या लखलखाटांमागे असा मावळता उजेड सापडू लागला होता. माझ्या वाट्याला आले ते दोन सेकंदांच्या आत संपणारे. त्यांच्यामागे कुणालाच काही सापडत नव्हतं.

"दोन सेकंदात इझलं तं तू कावून पळतू बे?" अण्णांनी एकदा फोनवर विचारलं.

"उरलेलं बघायला."

त्यानंतर दर रविवारी एकच प्रश्न. "दिसलं का?" मी नाही म्हणायचो. "न्हाई दिसलं तं न्हाईच म्हनायचं. उगं हाय म्हनून गिऱ्हाइकाला नादी लावायचं न्हाई." मग ते पावसाचं, कापसाचं बोलायचे.

एके सकाळी दुकानाचं शटर उघडतानाच अण्णा गेले. विमानं बदलत मी पोचलो, तेव्हा माती होऊन गेली होती. त्यांना ठेवलेल्या जागी दिवा लावून शेजारी पीठ चाळलेलं, वर पाटी पालथी घातलेली. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, ते त्या पिठावर उमटतं म्हणतात. सकाळी पाटी उचलली आणि आई म्हणाली, "तुला बारीक बघायची सवय हाय. तूच बघ."

मी गुडघ्यांवर बसून बघितलं. बाजूने बॅटरीचा उजेड टाकून बघितलं. मुंग्यांची एक ओळ गेलेली, बाकी सपाट. आत्या म्हणाली, "पाऊल हाय की रं, नीट बघ." आई माझ्याच तोंडाकडे बघत होती. तिला काहीतरी हवं होतं, ते मला कळत होतं.

"नाही दिसलं," मी म्हणालो.

"मंग न्हाई," म्हणत तिने पीठ भरून घेतलं. मला रडू आलं नाही. परतीच्या विमानातही नाही. जेवण आलं, मी जेवलो.

नंतर आई दुकानात बसू लागली. गावात मोबाइल आले, बूथमध्ये बिस्किटांची खोकी रचली गेली, पण फोन राहिला. रविवारी आता तीच विचारायची, "दिसलं का?" तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना घर कुठे म्हटलं की गल्ली आठवत असेल. मला तो प्रश्न आठवतो.

आणि मग दिसलं. आधी दुसऱ्यांना, क्ष-किरणांत. मग आमच्याही दुर्बिणीत, एका म्हाताऱ्या आकाशगंगेच्या कडेला, जेमतेम. रेडिओवाल्यांनाही. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मी हात धुतले आणि वडवणीला फोन लावला. तिकडे दिवेलागण झालेली.

"आई, दिसलं."

ती म्हणाली, "मला नको सांगू. थांब." स्टूल ओढल्याचा आवाज आला. अण्णांचा फोटो गल्ल्याच्या वर, उंच लावलेला आहे. "वायर पुरंना… हां. धरलाय त्यांच्यापुढं. बोल."

मी बोललो. आधी कशात, मग कशात, किती फिकट, कुठल्या कडेला, सगळं सांगितलं. पलीकडून दुकानाचा आवाज येत होता, कुणीतरी पावशेर साखर मागत होतं. माझं बोलून संपलं.

"झालं का?" आईने विचारलं. "हात भरून आला. उतरू का?"

"थोडं थांब," मी म्हणालो.