रुपाबाईच्या गाडीचा ब्रेक

शेलूबाजारच्या वरच्या माळावर तांडा होता. तिथं रुपाबाईची गाडी कापसानं भरून उभी होती आणि तिचा दीर बाबूसिंग वाट अडवून.

"वयनी, कासरा इकडं द्या. मी कापूस इकून येतो."

"काहून? बैल माहे, कापूस माहा."

"अन् उतारावर ओंडका कोन धरीन?"

प्रश्न खोटा नव्हता. बाजाराच्या उतारावर भरली गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागं ओंडका बांधत आणि त्याच्या दोराला दोन गडी लोंबकळत. नवरा रतनसिंग वारल्यापासून रुपाबाईकडे गडी नव्हता. कापूस बाबूसिंग विकी. मग तिनं काय पेरावं, माहेरी कधी जावं, हेही तोच ठरवू लागला होता.

"ओंडका नाई लागत. ब्रेक हाय," ती म्हणाली.

हा ब्रेक तिनं इगतपुरीहून डोक्यात साठवून आणला होता. तिथं रतनसिंग विजेच्या इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे हाताखालचा कामगार होता. लांब नाकाची ती इंजिनं. चाकांना बाहेरून जाडजूड दांडे जोडलेले, म्हणून लोक त्यांना खेकडा म्हणत. आत हातानं फिरवायचं एक चाक असे. ते फिरवलं की आट्यांचा दांडा ओढला जाई आणि ठोकळे चाकांवर आवळत. रुपाबाई शेडच्या भट्टीवर रेती वाळवी, चाळी. घाटात ओल्या रुळावर चाक घसरलं की डायव्हर तीच रेती नळीतून चाकाखाली सोडी.

"एवढं लोखंड, अन् माह्या मुठीतल्या रेतीवर चालते," ती नवऱ्याला चिडवी.

"तुह्या मुठीले तं मी बी भेतो," तो म्हणे.

मंगरूळपीरच्या लोहारानं तिला तसाच ब्रेक करून दिला: जुन्या दाबयंत्राचा आट्यांचा दांडा, बाभळीचे ठोकळे. बैठकीखाली तिनं वाळल्या रेतीच्या दोन पिशव्या ठेवल्या.

"रुपाबाई गाडीले रेती चारते," तांडा हसला.

"उपाशी तं नाई ठेवत," ती म्हणाली आणि बैल हाकले. बाबूसिंग कुरकुरत गाडीबरोबर चालू लागला.

उतार लागला. तिनं चाक फिरवलं. ठोकळे चाकाच्या लोखंडी धावेला टेकले, पण गाडी थांबेना. आणखी फिरवलं, तरी गाडी बैलांच्या पुठ्ठ्यांवर चालून जाऊ लागली. रुपाबाईनं वाकून पाहिलं. ठोकळे तेलानं चकचकत होते, वरून शेंदराचे ओघळ. नवी वस्तू तेल-शेंदराशिवाय दारातून बाहेर काढायची नाही, ही तांड्याची रीत. ती बैल जुंपत होती तेवढ्यात सासू नानीबाईनं, बाबूसिंगच्या याडीनं, मोठ्या मायेनं ठोकळ्यांची पूजा उरकली होती.

"वयनी, उडी मारा!" बाबूसिंग ओरडला. "जाऊ द्या गाडी."

"बैल सोडून कुठं जाऊ?"

तिनं पिशवी दातानं फाडली आणि ठोकळ्यापुढं धावेवर मूठभर रेती सोडली. चाक करकरलं. आणखी एक मूठ. उजवं चाक धरू लागलं, गाडी उजवीकडे ओढली गेली. डावं अजून मोकळंच होतं. तिनं दुसरी पिशवी दिराच्या अंगावर फेकली.

"त्या बाजूनं टाका, भाऊजी. नाईतं बाजूले व्हा."

बाबूसिंगनं टाकली. मुठीमागून मूठ, धावत, धापा टाकत. दोन्ही ठोकळे एका सुरात कण्हले आणि बैलांच्या मानेवरचा ताण सैल झाला. पायथ्याशी गाडी उभी राहिली तेव्हा बाबूसिंग भुवयांपर्यंत रेतीनं माखला होता.

"म्या रेती टाकली म्हून वाचली," तो म्हणाला.

"हो. चांगली टाकता तुमी. शेडात असते तं रोजीवर घेतलं असतं."

तो हसला नाही. बाजाराची माणसं दिसू लागली तसा त्याचा हात सवयीनं कासऱ्याकडे गेला. रुपाबाईनं कासरा आपल्या मनगटाला गुंडाळला.

"कापूस मी इकीन. अन् पेरनीचं बी मीच पाहीन. याडीले सांगा, पुढच्या खेपेले शेंदूर लाव, तेल तुह्या केसाले ठेव."

"मंग म्या काय करू?"

"गाडीत बसा. नाईतं मागून या."

बाबूसिंगनं अंगावरची रेती झटकली आणि तो मागून चालू लागला.