माफी मागायला जळगाव जामोदला

पुण्याहून फिरायला म्हणून जळगाव जामोदला फारसं कुणी जात नाही. मीही गेले ती माफी मागायला.

विषाणू पेशीत शिरला की त्याला सगळ्यात आधी ओळखणारी काही प्रथिनं आपल्यात जन्मापासूनच असतात. त्यांचा आकार शोधणं आणि ते शिकवणं, हे माझं काम. चार वर्षांपूर्वी माझी पीएचडीची विद्यार्थिनी करुणा त्यातल्या एका प्रथिनाबद्दल म्हणाली, "मॅडम, हे प्रथिन एकेकटं नाही, जोडीनं काम करतं." मी प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर तिला झिडकारलं. "जोडीबिडी काही नाही, तुझा नमुना खराब आहे." तिनं दोनदा प्रयोग पुन्हा करून दाखवला. मी ऐकलं नाही. ती पीएचडी सोडून गावी गेली.

या नोव्हेंबरात नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तेच प्रथिन पाहिलं. जोडी स्वच्छ दिसत होती.

माफीचा ईमेल चार ओळींपुढे जाईना. शेवटी तिकीटच काढलं, आणि करुणाला फोनवर फक्त "येतेय" एवढं सांगितलं.

जाणार असाल तर गाडी नांदुऱ्याला थांबते का, हे आधी बघा. सगळ्या थांबत नाहीत. सकाळी उतरले, स्टँडवर चहा-पोहे खाल्ले आणि जळगाव जामोदची एसटी धरली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोनाकडं जाऊन राह्यल्या?"

"विद्यार्थिनीकडे. माझी एक चूक झाली होती, ती सांगायला."

"अन् त्याच्यासाठी पुन्याहून आल्या? फोन नोयता काय?"

मी हसले. पूर्णेचा पूल गेला, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मग समोर सातपुड्याची निळी रेघ. मन थाऱ्यावर असेल तर रस्ता सुंदर आहे.

करुणा तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. तिचा बारावीचा तास चालू होता. शिपायानं मला मागच्या बाकावर नेऊन बसवलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या प्रथिनाले विषानू वळखू येते कसा? त्याले डोळे थोडीच हायेत?"

"आकारावरून," करुणा म्हणाली. मग तिनं दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरले. "आणि मला वाटतं, दोन प्रथिनं मिळून त्याला पकडतात. हे पुस्तकात नाही. परीक्षेत लिहू नका. पण मला तसं वाटतं."



तास संपल्यावर आम्ही आवारातल्या कडुलिंबाखाली बसलो. मी लॅपटॉप उघडून चित्र तिच्यासमोर ठेवलं. "तू बरोबर होतीस. मी चुकले. सगळ्यांसमोर बोलले होते, आता सगळ्यांसमोरच सुधारणार आहे. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं."

ती बराच वेळ चित्र फिरवून फिरवून बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मी तुमच्यामुळेच सोडलं. घरी सांगितलं, पुण्याची हवा मानवत नाही."

"हो," मी म्हणाले. सारवासारव करण्यासारखं काही नव्हतंच.

"चार वर्षं वाटायचं, मला बघताच येत नाही," असं म्हणून तिनं डोळे पुसले, आणि एकदम हसली. "हे बघा, इथे दोन्ही प्रथिनांची बोटांसारखी टोकं एकमेकांत अडकलीयेत. हे तुम्ही पाहिलंच नाही!"

खरंच पाहिलं नव्हतं.

दुपारी तिच्या घरी जेवायला गेलो. ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. हिवाळ्यात गेलात तर हे चुकवू नका, आणि कुणाच्या घरी मिळालं तर उत्तमच. तिच्या आई ताटात वाढता वाढता थबकल्या. "तुमी पोरीले परत न्यायले आल्या काय?"

"ती म्हणेल तसं."

"आई, मी नोकरी सोडत नाही," करुणा म्हणाली. "थीसिस इथूनच पुरा करते. सुट्ट्यांत पुण्याला जाऊन येईन."

"हाव, मंग ठीक हाय." आईंनी मला न विचारता आणखी एक भाकर वाढली.

परतीच्या गाडीत मी झोपले, कित्येक आठवड्यांनी सलग.

या सहलीचे फोटो विचाराल तर एकही नाही. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मात्र करुणाकडून आमच्या शोधनिबंधाचा मसुदा आला. मी लिहिलेला एक अख्खा परिच्छेद तिनं लाल रंगात खोडला होता आणि शेजारी लिहिलं होतं, "मॅडम, पुराव्यापेक्षा जास्त बोलताय." मी तो परिच्छेद काढून टाकला.