साडूभाऊंचं हेलिकॉप्टर

निजामाची सत्ता गेल्यानंतर मराठवाड्याला पुन्हा कुणापुढं हात टेकावे लागले असतील, तर ते आमच्या थोरल्या साडूभाऊंपुढं. शेंद्र्यातली त्यांची बरीचशी जमीन कारखान्यांसाठी गेली. भाऊबंदांनी मोटारी घेतल्या, संभाजीनगरात बंगले बांधले. साडूभाऊ मात्र पन्नाशी उलटल्यावर परराज्यात जाऊन हेलिकॉप्टर उडवायला शिकले आणि परवान्यासोबत एक जुनं, दोन माणसांचं, पिस्टन इंजिनाचं हेलिकॉप्टरच घेऊन आले.

"या वयात हे कशाला?" मी विचारलं.

"पाव्हणं, जमीन सरकारनं घेतली. आभाळ अजून कुणी मागितलं नाय."

उरलेल्या शेतात त्यांनी पत्र्याची शेड उभारली आणि दारात धान्याचा काटा ठेवला. यंत्र हलकं, त्याला जड माणूस सोसत नसे. म्हणून लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्यालाही आधी काट्यावर चढावं लागे. मला त्यांनी काट्यावरून उतरवलं आणि शांतपणे सांगितलं, "तुम्ही मोटरसायकलवर या." उड्डाणाच्या परवानगीसाठी ते कचेरीत तासन्‌तास बसत. कारण विचारलं, की "सासुरवाडीला जाणे" असं खुशाल लिहून देत. आणि खरंच एका सकाळी ते अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, घेऊन देवगाव रंगारीच्या शेतात उतरले. सारा गाव लोटला. सासूबाई तेवढ्या लांबूनच म्हणाल्या, "येस्टीनं आला असता, तर पोरगी विंचरल्या केसांनी तरी उतरली असती."

पुढं वैद्यकीय तपासणीत त्यांच्या हृदयात काहीतरी निघालं आणि उडणं बंद झालं. लासूर स्टेशनचा एक व्यापारी हेलिकॉप्टर मागायला आला. त्याला नवरदेव मिरवायचे होते. साडूभाऊंनी त्याला चहा पाजला, वर दुसरा कप पाजला आणि म्हणाले, "विकायचं नाय."

"मग उडवणार कोण?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"मी शिकते," कपबशा उचलत अक्का म्हणाली.

साडूभाऊ तिच्याकडं बघतच राहिले. "तुला कसं जमंल?"

"तुम्हाला जमलं की."

भावकी हसली, सासूबाईंनी अबोला धरला. अक्का गेली, शिकली, परवाना घेऊन आली.

हिवाळ्यातल्या एका सकाळी ती शेतातून पहिल्यांदा एकटी उडाली. धूळ बसली. साडूभाऊ शेडजवळ टोपी हातात घेऊन उभे होते. "वळण जरा मोठं घेतलं तिनं," ते पुटपुटले. त्यांना असं खाली उभं राहून वर बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. एवढा दांडगा माणूस, पण त्या मोकळ्या शेतात एकदम लहान दिसायला लागला.

ऊन चढायला लागलं, तसं मी म्हणालो, "भाऊ, सावलीत चला."

"तुम्ही बसा जाऊन," आभाळावरची नजर न काढता ते म्हणाले. "ती उतरली, की येतो."