पाणी भरल्या गेलं

"सिस्टर, ते बाटली ठेवा खाली. तिले हात नका लावू. पाणी आमी भरतो."

बोलणारी बाई सत्तरीची. पेशंटची बायको. डोक्यावर पदर, हातात जपमाळ, आवाज एकदम मऊ. माझ्या एका हातात ऑक्सिजनच्या मीटरला अडकवायची प्लास्टिकची बाटली होती. दुसऱ्या हातात निर्जंतुक पाण्याची सीलबंद बाटली. सील अजून तोडलंही नव्हतं. मी विचारलं, "का बरं, आजी?"

"तसं काही नाही वं. आमच्या घरचं पाणी हाय नं. आबाजीले तेच चालते."

चालते. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत माझंही चालत होतं. पाच मिनिटांपूर्वी तिने विचारलं होतं, "कोणापैकी वं तू?"

आमच्या वऱ्हाडात हा प्रश्न फार गोड आवाजात विचारतात. चहा घेता का, अशा आवाजात. कोणापैकी म्हणजे जात कोणती. माझ्या बिल्ल्यावर नुसतं नाव आहे, आडनाव नाही. त्यामुळे बिचारीची अडचण झाली होती. मी आडनाव सांगितलं. गाव सांगितलं, बाळापूरकडचं. आडनावावरच तिचं भागलं. गाव तिने ऐकलंच नाही.

अमरावतीतलं खासगी हॉस्पिटल. तिसरा मजला, स्पेशल रूम. पेशंट धामणगाव रेल्वेकडचे जिनिंगवाले. शेती, कापसाचं जिनिंग, गावात मोठा मान. सगळे त्यांना आबाजी म्हणायचे, म्हणून आम्हीही आबाजी म्हणायचो. चाळीस वर्षं सिगारेट ओढून फुफ्फुसांची वाट लावून घेतलेली. पलंगावरून खुर्चीत बसायचं म्हटलं तरी धाप लागायची. सोबत ही म्हातारी, एक सून आणि मुलगा. मुलगा वकील. जयंतीला निळा फेटा बांधून समतेवर भाषण करणारा. त्याचं ते भाषण आमच्या मोबाईलवरही फिरलं होतं. चांगलं बोलतो.

आता ही बाटली काय असते ते सांगते. भिंतीतल्या पाईपमधून येणारा ऑक्सिजन कोरडा असतो. तसाच नाकात गेला तर नाक आतून सोलवटतं, बेडका सुकतो, सुटत नाही. म्हणून तो या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे करत जातो आणि ओलसर होऊन पेशंटला मिळतो. बाटलीवर दोन रेषा असतात. पाणी खालच्या रेषेच्या खाली जाऊ द्यायचं नाही, वरच्या रेषेच्या वर भरायचं नाही. पाणी निर्जंतुकच हवं. रोज बदलायचं. हे काम नर्सचं. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही एवढं येतं.

आबाजींना माझं पाणी प्यायचं नव्हतं. त्या पाण्यातून नुसता वारा जाणार होता. त्या वाऱ्यालाही माझी जात लागत होती. एवढं बारीक सोवळं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

मी इन्चार्ज मॅडमकडे गेले. त्या खुर्चीतून उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "जाऊ दे नं. मोठे लोक आहेत, उगाच वाद नको. बाकी सगळं तूच कर. पाण्याचं तेवढं त्यांचं त्यांना करू दे."

मी "हो मॅडम" म्हणाले.

हे मला लपवायचं नाही. मी हो म्हणाले. ते पाणी चुकीचं आहे हे मला माहीत होतं. त्या घरात कोणाला रेषा कळत नाहीत हेही माहीत होतं. तरी हो म्हणाले आणि दोन दिवस तशीच वागले. त्या म्हातारीचा मला राग आहे, पण त्या दोन दिवसांतल्या माझी मला किळस येते.

बाकी सगळं म्हणजे काय ते ऐका. आबाजींना शौचाचं भांडं मी द्यायचं. अंग मी पुसायचं. पाठीशी उशा रचून मी बसवायचं, कारण आडवं झालं की त्यांचा श्वास कोंडायचा. हाताची वाटी करून पाठीवर थापट्या मी मारायच्या, म्हणजे आतला बेडका सुटतो. सुटला की डबी पुढे मी धरायची. आबाजी त्यात थुंकायचे. कधी डबीत, कधी माझ्या हातावर. त्याचा रंग बघून मी लिहून ठेवायचे. पिवळा, हिरवट, घट्ट. हे सगळं त्या घराला चालत होतं. थुंकी माझ्या हातावर चालत होती. पाणी माझ्या हातचं चालत नव्हतं.

त्यांना श्वास सोडायलाही मीच शिकवत होते. ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. मी म्हटलं, "आबाजी, चूल फुंकता तशी फुंकर मारा." त्यांना जमेना. मग लक्षात आलं, या माणसाने जन्मात चूल फुंकलेली नाही. म्हटलं, "बशीतला चहा फुंकता तसं." ते लगेच जमलं.

आणि पाणी? पाणी घरून यायचं. तांब्याच्या गडव्यात, वर स्वच्छ फडकं बांधून. रोज गाडीतून. सून ते बाटलीत ओतायची आणि म्हातारी जवळ बसून बघायची. मी दारात उभी. पहिल्या दिवशी मी सांगितलं, "ताई, या रेषेच्या वर नाही." सुनेने ऐकलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी तिच्यावर खेकसली, "अर्धी काहून ठेवतं? भरलेलं असावं." सून माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं.

तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या खोलीत औषध देत होते. दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. सून धावत आली.

"सिस्टर! मामाजीच्या नाकातून पाणी येऊन राहिलं!"

मी पळाले. आबाजी उशांवरून घसरून एका कुशीवर कलंडले होते. खोकत होते, पण खोकला पुरा होत नव्हता. ओठ जांभळट. बाटली गळ्यापर्यंत भरलेली. बुडबुड्यांना वर जागाच नव्हती, त्यामुळे ऑक्सिजन पाण्यालाच नळीत ढकलत होता. नळीत गुडगुड आवाज. ऑक्सिजनसोबत पाणी थेट नाकात. बोटाच्या क्लिपवर ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याहत्तर आणि उतरत चाललेला. वकीलसाहेब मोबाईलवर कोणाला तरी ओरडून सांगत होते की इथली सर्व्हिस भिकार आहे. म्हातारी गडवा छातीशी धरून उभी.

"बाहेर व्हा," मी म्हणाले. "सगळे."

ते गेले. मला वाटलं होतं वाद घालतील. माझ्या सांगण्यावरून तो वकील दाराबाहेर गेला, हे मी नंतर कितीतरी दिवस आठवत होते.

नाकातली नळी मी ओढून काढली. आबाजींना उठवून बसवलं, पुढे वाकवलं, सक्शनने नाक आणि तोंड साफ केलं. ती बाटली काढून फेकली. नवा मास्क लावला, ऑक्सिजन सुरू केला, डॉक्टरांना फोन लावायला दाराशी आलेल्या आया मावशींना सांगितलं. आबाजींनी माझा हात धरला होता. मनगटापाशी, दोन्ही हातांनी, नखं रुतेपर्यंत. मी म्हणत होते, "फुंका, आबाजी. बशीतला चहा. हळू. अजून हळू." ऐंशी. त्र्याऐंशी. सत्याऐंशी. डॉक्टर आले तेव्हा आकडा एकोणनव्वदवर होता. त्यांच्या आजाराला तेवढा पुरे असतो.

डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन लिहिलं, गेले. मग मी नवी बाटली घेतली. सीलबंद पाणी फोडलं. रेषेपर्यंत भरलं. लावली. बुडबुडे सुरू झाले.

आबाजींना बोलता यायला अर्धा तास लागला. पहिलं पूर्ण वाक्य त्यांनी काय बोलावं?

"बाटलीत आता कोणाचं पाणी हाय?"

मी म्हणाले, "माझं."

त्यांनी बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझं मनगट त्यांनी पुन्हा धरलं होतं, तिथे त्यांच्या नखांच्या खुणा होत्या. त्यांनी हात सोडला, डोळे मिटले आणि श्वास घेतला. न घेऊन सांगतात कोणाला! जिवावर बेतलं तेव्हा माझं पाणी त्यांना बिनतक्रार चाललं.

जुनी बाटली उचलायला गेले तेव्हा दिसलं. तिच्यात, नळी निघते त्या तोंडाशी, तुळशीचं एक पान चिकटलेलं. पाणी शुद्ध व्हावं म्हणून टाकलेलं. मी ते चिमट्याने काढलं, गॉजमध्ये गुंडाळून खिशात ठेवलं.

ड्युटीरूममध्ये मॅडम आणि वकीलसाहेब माझी वाट बघत होते. दोघांना चहा आलेला. फाईल उघडून ठेवलेली, वर पेन. वकीलसाहेबांचा आवाज आता एकदम समजूतदार झाला होता.

"हे पहा सिस्टर, आम्हाला तक्रार करायची नाही. चूक होते माणसाकडून. तुम्ही फक्त एक ओळ लिहून टाका."

मॅडमनी ती ओळ सांगितली. "लिही, की पाणी चुकून जास्त भरल्या गेलं."

भरल्या गेलं.

आमच्या इकडच्या मराठीत ही मोठी सोय आहे. केल्या गेलं. सांगितल्या गेलं. ठेवल्या गेलं. काम झालेलं असतं आणि करणारा कुठेच सापडत नाही. आणि फाईलवर सही माझी असल्यावर करणारा कोण ठरणार, हे त्या वकिलाला चांगलं माहीत होतं. माझं रजिस्ट्रेशन, माझी नोकरी, माझं नाव, सगळं त्या एका ओळीत जाणार होतं. आणि त्यांचा गडवा धुऊन-पुसून घरी.

मला आई आठवली. आईही जिनिंगमध्ये कामाला होती, आमच्या तिकडे. मी सहा वर्षांची, तिला भाकर द्यायला गेले होते. कापसाची धूळ इतकी की आईच्या पापण्या पांढऱ्या दिसत होत्या. मला तहान लागली म्हणून मी रांजणाकडे गेले. मुकादमाने माझ्या हातावर काठी मारली आणि आईला म्हणाला, "पोरीले सांगितल्या गेलं नाही का?" आईने मान खाली घातली. घरी आल्यावर मी विचारलं, आपल्याला कोणी मना केलं? आई म्हणाली, "कोणी नाही माय. तसंच ठेवल्या गेलं." आमच्या आज्यानं छप्पन साली घरातले देव टोपलीत घालून गावच्या मन नदीत सोडले. घरात निळ्या कोटातला फोटो लावला. तरी आईच्या तोंडात ते वाक्य राहिलंच. आज आईला आबाजींचाच आजार आहे. तिने सिगारेट कधी ओढली नाही. ती चूल फुंकायची आणि कापूस श्वासात घ्यायची. तिच्यासाठी कोणी गाडीतून गडवा आणत नाही.

मी पेन घेतलं. मॅडम हसल्या. त्यांना वाटलं झालं काम.

आम्ही नोट्स मोडक्या इंग्रजीत लिहितो. त्या दिवशी मी मराठीत लिहिलं. असं लिहिलं:

"पेशंटच्या पत्नीने माझी जात विचारली. त्यानंतर माझ्या हातचं पाणी बाटलीत भरू दिलं नाही. तिच्या सांगण्यावरून सुनेने घरचं पाणी, तुळशीचं पान टाकून, रेषेच्या वर भरलं. हे इन्चार्ज सिस्टरना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी चालू द्यायला सांगितलं. मी दोन दिवस चालू दिलं. ही माझी चूक आहे."

खाली सही. आडनावासकट. मग खिशातून गॉज काढलं आणि तुळशीचं पान चिकटपट्टीने त्या पानावर चिकटवलं.

वकीलसाहेब उभे राहिले. "हे काय आहे?"

"तुमच्या घरचं आहे," मी म्हणाले. "ओळखत नाही का?"

"नोकरी करायची आहे ना तुला?" तोपर्यंत मी सिस्टर होते, तुम्ही होते. एका पानाने मी तू झाले.

"करायची आहे. म्हणूनच लिहिलं."

मॅडमनी फाईल ओढली. पान फाडावं की नाही, या विचारात त्यांचा हात तसाच राहिला. मी म्हणाले, "फाडा. पण मग लिहा, की पान फाडल्या गेलं." त्यांनी फाडलं नाही. माझा मान म्हणून नव्हे. मी मोबाईलवर फोटो काढताना त्यांनी पाहिलं होतं.

आबाजी चार दिवसांनी घरी गेले. चारही दिवस बाटली मीच भरली. जाताना म्हातारीने सगळ्या सिस्टरांना पेढे दिले, मला ओलांडून पुढे गेली. बरं झालं. तिच्या हातचं मला चाललं नसतं. नंतर मला त्या मजल्यावरून काढून खाली जनरल वॉर्डात टाकलं. कोणी टाकलं विचारलं तर म्हणाले, बदली केल्या गेली.

मी राजीनामा दिला नाही. देणारही नाही. वॉर्डात बारा खाटा आहेत. सहा जणांना ऑक्सिजन लागतो. धापेचे, दम्याचे, न्यूमोनियाचे, मेळघाटातून परतवाड्यावरून आलेले. कोणी नवीन पेशंट आला की मी खाटेपाशी उभी राहते आणि नाव सांगते. आडनावासकट, विचारायच्या आधी. मग बाटली त्यांच्या डोळ्यांसमोर धरते, सील तोडते, रेषेपर्यंत पाणी भरते. कोणाचा गडवा दिसला तर तो उचलून बाकाखाली ठेवते. कोणाला चालत नसेल तर दाराकडे बोट दाखवते. मुकाट बसतात. श्वास हवा असतो.

आणि ड्युटी संपताना रजिस्टरमध्ये रोज एक ओळ लिहिते, मराठीत, ठळक अक्षरात. नव्या पोरींनाही तशीच लिहायला लावते. मॅडमना ती आवडत नाही.

पाणी मी भरलं.